दोन डोळ्यांमधलं अंतर

१

आमच्या फ्रिजवर शिछांगच्या अक्षरातली एक यादी अजून चिकटवलेली आहे. शिछांग माझा नवरा. यादी त्याच्या सरड्याच्या खाण्याची. सरड्याचं नाव तोफू. वीतभर अंग, वीतभर शेपूट, गळ्याखाली काट्यांची दाढी आणि तोंडावर कायम सरकारी कचेरीतला कंटाळा.

यादी मला तोंडपाठ आहे. रातकिडे मुख्य. अधूनमधून झुरळं, पण पाळलेली, गटारातली नव्हेत. पिठातल्या अळ्या फक्त सणासुदीला. बाहेरून पकडलेला किडा अजिबात नाही, शेतात औषध मारतात. किडा तोफूच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. देण्याआधी चोवीस तास किड्यांना पोटभर खायला घालायचं: भोपळा, रताळं, मोहरीची पानं. पाणी वाटीत नको, बुडून मरतात; संत्र्याची फोड ठेवायची. शेवटी पिशवीत कॅल्शियमची पूड टाकून किडे त्यात घोळवायचे, हाडं मजबूत राहतात.

"सरड्याला काय घालू हे विचारूच नकोस," तो म्हणायचा. "किड्याला काय घालू ते विचार. किडा म्हणजे नुसतं ताट. ताटात काय वाढलंय त्याला महत्त्व."

हे सगळं मी ऐकायचे आणि हसायचे. मी चियाई शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं आणि घरी येऊन सरड्याच्या डोळ्यांमधलं अंतर ऐकायचं, म्हणजे माझ्या नशिबी अंतरंच होती. आता सकाळचे सव्वाआठ वाजलेत. दहापर्यंत वेळ आहे, म्हणून हे लिहून काढते आहे. हात रिकामे राहिले की ते आपोआप भोपळ्याकडे जातात.

२

शिछांग अन्ननलिकेच्या आजाराने गेला. शेवटचे अकरा आठवडे त्याच्या नाकात नळी होती. खाण्यावर जीव असलेला माणूस. रस्त्यावरच्या टर्कीभाताच्या गाडीवर दोन वाट्या उभ्या उभ्या संपवणारा. जायच्या आदल्या दिवशी त्याने माझा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "भूक लागलीय." मी म्हटलं, बरा झालास की खा. त्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोललेलं त्याला लगेच कळायचं.

तो गेल्यावर निंगनिंगने जेवण सोडलं. आमची मुलगी, नऊ वर्षांची. हट्ट नाही, रडणं नाही. वाटी समोर यायची आणि ती बघत बसायची. दवाखान्यातल्या बाईंनी वजन केलं आणि सांगितलं, आणखी दोन किलो उतरलं तर भरती करावं लागेल, नळी घालावी लागेल. नळी हा शब्द ऐकून मी निंगनिंगला तिथून उचललं आणि घरी आणलं.

निंगनिंग शाळेत न जाता दिवसभर तोफूच्या काचेच्या पेटीसमोर बसायची. आणि तोफूही खात नव्हता. मी जवळच्या दुकानातून डब्यातल्या अळ्या आणून टाकत होते. मला कुठली आलीय किडे सांभाळायची हौस? एक दिवस त्याचे मागचे पाय थरथरायला लागले.

"बाबांचा तोफू मरणार," निंगनिंग म्हणाली. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून मी पेटी स्कूटरवर बांधली आणि फानच्या दुकानात गेले. फान शिछांगचा शाळेपासूनचा मित्र, सरडे-कासवं विकतो.

"वहिनी, दोन महिने नुसत्या अळ्या?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "रोज तीन वेळा वेफर्सवर ठेवलंत की बिचाऱ्याला."

"माझा नवरा गेलाय फान. मी सरड्याचा स्वयंपाक करत बसू?"

 मग त्याने रातकिड्यांची पेटी भरून दिली आणि किड्यांना लपायला अंड्यांचे पुठ्ठे, कॅल्शियमच्या पुडीचा डबा सगळं स्वतः स्कूटरला बांधलं. "शिछांगची यादी आहे ना घरी? बस. तेवढंच करा. किडा भरलेला द्या, रिकामा नको."

३

बैठकीच्या खोलीत शिछांगचं वेगळं छोटं टेबल मांडलेलं आहे. नव्याने गेलेल्या माणसाला शंभर दिवस पूर्वजांच्या देव्हाऱ्यात जागा नसते. फोटो, उदबत्तीचं भांडं, दोन्ही बाजूंना दोन लाल विजेचे दिवे. माझ्या सासूबाई, निंगनिंगची आमा, रोज सकाळ-संध्याकाळ तिथे त्याचं ताट मांडतात. उदबत्ती निम्मी झाली की दहाची दोन नाणी हातात घोळवून विचारतात, "बाळा, झालं का जेवून?" एक छापा आणि एक काटा पडला तर झालं. दोन्ही सारखी पडली तर अजून चाललंय. हो म्हटल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. मग ते अन्न आम्ही खायचं.

मी या गोष्टींना ना हो म्हणते ना नाही. सासूबाईंच्या जिवाला बरं वाटतं, पुरे.

त्या सोमवारी सकाळी मला दुकानात पोचायची घाई होती. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी रातकिडे कर्कश ओरडत होते आणि घरात भोपळ्याची फोड नव्हती. सासूबाई ताट मांडून, उदबत्ती लावून खाली भाजीच्या गाडीवर गेल्या होत्या. ताटात वाफवलेला भोपळा होता. छान पिवळा, वरून आल्याचे दोन काप.

उदबत्ती जेमतेम बोटभर जळली होती. नाणी पडायची होती. मी आलं बाजूला केलं, भोपळा उचलला आणि किड्यांच्या पेटीत टाकला. ताट रिकामं दिसू नये म्हणून भात जरा पसरला.

रातकिडे एकदम गप्प झाले. सगळेच्या सगळे, एका क्षणात. मला वाटलं, खायला लागले. खायला तोंड लागतं आणि ओरडायला पंख, हे मला ठाऊक होतं, तरी मी तसंच वाटू दिलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, बरोबर चोवीस तासांनी, मी पंधरा किडे पुडीत घोळवून तोफूच्या पेटीत सोडले. ते पळाले नाहीत. पांढरे होऊन एका रांगेत बसून राहिले. तोफूने शांतपणे एकेक उचलला.

आणि माझ्या मागे निंगनिंग म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. तिने भाताची अख्खी वाटी खाल्ली, वर भोपळा मागितला. त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की हे ताटातल्या भोपळ्याने झालं, तर मी त्या भोपळ्याच्या पाया पडले असते. म्हणून दिवसाआड मी तेच केलं. सासूबाई खाली गेल्या की ताटातून एक फोड. चोरीच ती. पण पोरगी जेवत होती, आणि पोरीच्या घासासाठी मी याहून मोठी चोरी केली असती.

५

"याचं जेवण होतच नाही हल्ली," सासूबाई कुरकुरल्या. नाणी पडत होती: छापा छापा. काटा काटा. छापा छापा. "जिवंतपणी पाच मिनिटांत ताट चाटूनपुसून उठायचा. आता बघ. बाळा, मासा हवा का?"

काटा काटा.

"डुकराचं मांस? तुझ्या आवडीचं, सोयाचं?"

छापा छापा.

त्यांनी टर्कीभात विचारला, कालवांचं धिरडं विचारलं, शेवटी वैतागून कोकही विचारला. सगळ्याला नाही. "मग काय माझं डोकं खातोस?" त्या ओरडल्या, आणि दोघी हसलो. हसताना माझं लक्ष नाण्यांकडे गेलं. सलग अकरा वेळा सारखी पडली होती. असं होऊ शकतं, शाळेत शिकवलंय. फार क्वचित होतं, पण होतं.

त्याच दिवशी डावा लाल दिवा गेला. बदलू म्हणता म्हणता राहिला.

६

निंगनिंग आता तीन तीन वाट्या खात होती. रताळं, मोहरीची पानं, भोपळा. तळलेल्या चिकनसाठी पूर्वी रस्त्यात आडवी पडणारी मुलगी. मी मुद्दाम पिशवीभर आणलं तर तिने नाक वळवलं. चांगलं खातेय, मी मनाला सांगितलं, तक्रार कसली करतेस?

मग एक दिवस तिचा पाण्याचा पेला भरलेलाच दिसला. कालचाही. सिंकपाशी संत्र्याच्या चोखलेल्या साली होत्या, नीट रचून ठेवलेल्या.

"पाणी का पीत नाहीस गं?"

"नको. बुडायला होतं."

"पेल्यात?"

तिने खांदे उडवले आणि संत्र्याची फोड तोंडात धरली. मी फ्रिजवरची यादी काढून टाकली. मुलं वाचतात, मनात घेतात, बापाची आठवण म्हणून तसं वागतात. सगळं समजण्यासारखं होतं. संध्याकाळी यादी पुन्हा फ्रिजवर होती. सासूबाईंनी लावली असेल. मी विचारलं नाही, कारण त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी काय करणार होते?

स्कर्ट तिच्या कमरेवरून घसरत होता. दवाखान्यात वजन केलं. दीड किलो उतरलं होतं.

"जेवते म्हणता ना?" बाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"तीन वाट्या," मी म्हटलं, आणि माझंच मला खोटं वाटलं.

७

शेवटी मी तोफूला उचललं आणि फानकडे नेलं. काही दिवस ठेव म्हटलं, मुलीला त्याचा नाद लागलाय. त्याने तोफूला काट्यावर ठेवलं आणि भुवया चढवल्या.

"किती किडे देताय?"

"दिवसाआड पंधरा. सगळे खातो. भाजी वेगळी."

"ऐंशी ग्रॅम कमी झालाय, वहिनी. शेपटीची हाडं लागताहेत हाताला. पोटात जंत बिंत असतील, बघतो." मग तो हसत म्हणाला, "नाहीतर मग खातंय कोण?"

मी घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. पहिल्या सोमवारपासून. त्या मोहरीची पानं निवडत होत्या; हात थांबले.

"नाणी पडायच्या आधी?"

"हो."

"किती वेळा?"

"आठ. नऊ असेल."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, पेइशान. आणि तो तर उपाशी गेलेला." मग पानांकडे बघत म्हणाल्या, "तोच असेल तर माफी मागता येईल."

"तोच असेल तर म्हणजे?"

त्यांनी उठून गॅस पेटवला. अकरा पदार्थ करून त्यांनी ताट मांडलं, गुडघे टेकून माफी मागितली, नाणी टाकली. काटा काटा. गॅलरीतल्या पेटीत दोनशे रातकिडे होते आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

८

काल सकाळी मी दुकानातून मध्येच निघाले. एका गिऱ्हाइकाच्या बुबुळांमधलं अंतर मोजत होते, त्रेसष्ट मिलिमीटर, आणि मोजपट्टी हातात असताना मनात आलं: आदल्या दिवशी सकाळी दहानंतर निंगनिंग काय काय जेवली ते मी पाहिलंय, पण त्या सकाळपासून तिला कुणी जेवताना पाहिलं का? कारण यादीत एक गोष्ट लिहिलेली नाही, पण शिछांग पाळायचा. किडे भरले की देण्याआधी त्यांच्या पेटीतलं खाणं काढून घ्यायचा. मी स्कूटर कशी चालवली आठवत नाही. चार मजले एका दमात चढले.

घरात दहा वाजायचे होते. पडदे अर्धे ओढलेले. सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, चिमटे वाजत होते. निंगनिंग बापाच्या टेबलासमोर स्टुलावर बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. ती पांढरी होती. केसांवर, पापण्यांवर, मानेवर, बोटांच्या फटीत पूड. पुडीचा डबा शेजारी, झाकण नीट लावलेलं.

"कुणी लावली ही?"

"मीच." ती हलली नाही. "हाडं मजबूत राहतात."

तिच्या मांडीवर एक नाणं होतं. "मी विचारलं, आई. आमा सगळं विचारते, पण हे नाही विचारलं. मी चालेन का म्हटलं. एकदा हो आलं. मग दुसऱ्यांदा हो आलं. आता तिसरं चाललंय."

सलग तीन वेळा हो आलं की ठरलं, पुन्हा विचारायचं नसतं. दुसरं नाणं फरशीवर अजून कडेवर फिरत होतं. मी त्यावर पाय दिला.

खाली पाहिलं नाही. समोर पाहिलं. समोर तोफूची पेटी होती, रिकामी. तो तीन दिवसांपासून फानकडे होता. काचेत दोन मंद लाल ठिपके दिसत होते. टेबलावरच्या दिव्यांचं प्रतिबिंब, मी म्हटलं. मग आठवलं की डावा दिवा कधीच गेलाय.

डोळे मोजायची बारा वर्षांची सवय वाईट. डोळे दिसले की मी मोजते. त्या दोन ठिपक्यांमध्ये निंगनिंग बसली होती. काचेत, तिच्या डाव्या खांद्याच्या जरा बाहेर एक आणि उजव्या खांद्याच्या जरा बाहेर एक. मोजून करून घेतल्यासारखं. तिच्यापेक्षा बोटभरच जास्त.

मी पायाखालचं नाणं न बघता उचललं, तिच्या मांडीवरचं घेतलं आणि तिला स्टुलावरून ओढून मागे ढकललं. "निंगनिंग, आमाकडे जा. अंघोळ घाल म्हणावं." मग मी स्टुलावर बसले. शिछांगच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत तो नेहमीसारखा हसत होता आणि त्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. तरी मी त्यालाच म्हटलं, कारण दुसरं कुणाला म्हणणार?

"मी चालेन का?"

छापा, काटा.

पुन्हा टाकली. छापा, काटा.

तिसऱ्यांदा एक नाणं टेबलाच्या पायाला लागून परतलं. काटा, छापा. गॅलरीत दोनशे रातकिडे एकदम ओरडायला लागले, आणि तीन आठवड्यांनी तो आवाज ऐकून सासूबाईंच्या हातातली बादली पडली.

९

दुपारी मी दोघींना गाडीत बसवलं. शिछांगच्या बहिणीकडे, पिंगतुंगला. दारात चपला घालताना सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पंधरा वर्षांत त्यांनी मला सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारलाय, घरी येताना आणि जाताना, जेवलीस का. काल तो विचारला नाही. माझे हात धरले आणि सोडले.

मीही जाऊ शकले असते. काल मनात आलं होतं. पण तीन वेळा हो घेऊन मी पळाले, तर ताट कुणाचं मांडलं जाईल हे मला कळतं. मला एवढंच कळतं, बाकी काही नाही. कदाचित मी थकलेली विधवा आहे, पोरीच्या खेळाला घाबरलेली, आणि दहा वाजून जातील, आणि मी स्वतःला शिव्या देत दुकानात जाईन. हे मी रात्रभर स्वतःला सांगितलं. सांगता सांगता भोपळा उकडला. रताळी संपली, मोहरीची पानं संपली. पाणी मात्र घशाखाली उतरत नाही. पहाटेपासून संत्री चोखते आहे.

खाणं थांबवून थोडा वेळ झाला. आता पावणेदहा. माणसाच्या बुबुळांमधलं अंतर लहानपणी वाढतं. मोठेपणी कधीच बदलत नाही. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. पेटीच्या काचेत मी स्टुलावर बसलेली दिसते आहे. काल ते ठिपके निंगनिंगच्या खांद्यांबाहेर बोटभर होते. आज माझ्या खांद्यांबाहेर बोटभर आहेत.

फोन वाजला. निंगनिंग होती. मागे सासूबाई कुणावर तरी ओरडत होत्या.

"आई, आत्याने सकाळी सकाळी तळलेलं चिकन आणलंय! आमा म्हणते नाश्त्याला कुणी खातं का. मी चार तुकडे खाल्ले. आणि कोकचा अख्खा पेला प्यायले."

"छान. आणखी घे."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"बारीक." ती तोंडात काहीतरी चावत होती, तो आवाज ऐकताना मला फोन ठेवूच नये असं वाटत होतं. "आई, तू जेवलीस का?"

मी पुडीच्या डब्याचं झाकण उघडलं.

"जेवले गं," मी म्हटलं. "पोटभर."